जांभळातला जीव

लिटरभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवायचं, जांभळं बोटानं जराशी दाबून त्यात सोडायची आणि अर्धा तास परातीला हात लावायचा नाही. मग तळाशी बघायचं. तुटक्या शितापेक्षाही बारीक, पांढऱ्या अळ्या वळवळत असतात. एखादी कमान करून चक्क उडी मारते.

जूनमधल्या पहिल्या पावसानंतर वडोदऱ्याच्या अकोट्यात रस्त्याकडेच्या जुन्या झाडांखाली जांभळांचा सडा पडतो. विश्वामित्री नदीच्या काठाला उतरायची सोय नाही, तिथे मगरी आहेत. पण रस्त्यालगतच्या झाडांखालीही सकाळी सहाला गेलं तर पिशवी भरते. या जांभळांचा जॅम मी दरवर्षी करते, आणि अळीचा प्रश्नही दरवर्षी येतो. फळमाशीची मादी पिकायला आलेल्या फळाची साल टोचून आत अंडी घालते. टोचल्याची खूण सुईच्या टोकाएवढीच असते, जांभळाच्या काळ्या सालीवर ती दिसतच नाही. वरून टवटवीत असलेल्या फळाची खात्री म्हणूनच देता येत नाही.

परात ओट्यावर होती तेव्हा शेजारच्या बा आल्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "जो बेन, जीव छे." त्यात दोष देणं नव्हतं. बा जैन आहेत. त्यांच्याकडे बावीस अभक्ष्यं सांगतात. वड, पिंपळ, उंबर अशा पाच झाडांची फळं त्यात येतात. बोर-जांभळासारखी, खाण्यापेक्षा टाकण्याचा भाग जास्त असलेली फळं येतात. अनोळखी फळंही येतात. रानातून वेचून आणलेल्या फळाबद्दल याहून काळजीपूर्वक कुणी विचार केलेला मला माहीत नाही.

ही जागाही त्या विचाराला जवळची. अकोट्याचं जुनं नाव अंकोट्टक. ते अंकोलाच्या झाडांवरून पडलं असं मानतात, जसं वडोदऱ्याचं वडावरून. 1951 मध्ये इथे जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा सापडला, आणि डॉ. उमाकांत शहांनी त्यावर लिहिलेल्या ग्रंथामुळे अकोट्याचं नाव जगभरच्या अभ्यासकांपर्यंत गेलं.

उंबराबद्दल बांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. आपण ज्याला उंबराचं फळ म्हणतो त्याच्या आत फुलं असतात. चिलटाएवढी गांधीलमाशी आत शिरून परागीभवन करते, तिथेच अंडी घालते, आणि तिची पुढची पिढी त्याच बंद घरात वाढते. ही केंबरं नसलेलं रानातलं पिकलं उंबर शोधणं म्हणूनच व्यर्थ आहे. कच्च्या उंबराची भाजी आमच्या घरी होत असे. पिकल्याचा मुरंबा मी कधी केला नाही, करणारही नाही.

जांभळाचं तसं नाही. तिथे अळी पाहुणी आहे, आणि ती नसलेली फळं भरपूर असतात. फक्त प्रत्येक फळ उघडावं लागतं. मीठपाण्यात सगळ्याच अळ्या बाहेर येत नाहीत, म्हणून नंतर एकेक जांभूळ चिरून, बी काढून, गर उजेडात धरून बघते. बीजवळ तपकिरी, पाणचट भाग दिसला की ते फळ बाजूला. दोन किलोला दोन तास लागतात, बोटं चार दिवस जांभळी राहतात. "उकळल्यावर सगळं मरतंच की," असं म्हणणारे घरोघरी आहेत. मरतं, हे खरं. पण अळीनं पोखरलेला गर आंबलेला असतो, त्याचा वास साखरेनं जात नाही. आणि न बघता पातेल्यात लोटणं मला माझ्यापुरतं अप्रामाणिक वाटतं. बा खात नाहीत, मी निवडून खाते. दोघींनी निदान बघितलेलं असतं.

किडक्या फळांचं काय करायचं, यावर मात्र आमचं जमलं नाही. ती झाडाखाली परत ठेवावीत असं बांना वाटत होतं. पण अळी फळातून निघून मातीत शिरते, तिथे कोष करते आणि माशी होऊन शेजारच्यांच्या पेरूवर जाते. शेतीची माणसं म्हणूनच किडकी फळं खोल पुरायला सांगतात. मी अंगणात हात-दीड हात खड्डा करून पुरली, आणि बांना तसं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मलाही ते हलक्या मनानं करता आलं नव्हतं.

जॅम मी स्टीलच्या पातेल्यात करते. किलोभर गराला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस घालते. थंड बशीवर टाकलेला थेंब ओघळला नाही की उतरवते. बाजारच्या जॅममध्ये विद्राव्य घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, किमान 65 टक्के लागतात. तेवढ्या साखरेत बुरशीला वाढायला पुरेसं पाणी मिळणं अवघड होतं.

चार दिवसांनी बा छुंद्याची बरणी घेऊन आल्या. त्यांच्याकडे मुरंबा-छुंद्याचा पाक तीन तारी असावा लागतो, कमी असेल तर त्यात जीव पडतो म्हणून तो वर्ज्य. ओट्यावरच्या माझ्या जांभळी बरणीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. चाखणार नाहीत हे दोघींनाही माहीत होतं. मग बरणी उजेडाकडे तिरपी करत त्यांनी विचारलं, "केटला तारनी चासणी?"