वेशीबाहेरचा लाजरस

शहरांच्या भवितव्याविषयी आज पुष्कळ लिहिले-बोलले जाते. उष्मा वाढला, पाऊस लहरी झाला, समुद्राची पातळी चढू लागली. तेव्हा शहरांनी तग धरावा म्हणून आराखडे सिद्ध होत आहेत. मुंबई महानगरपालिकेने मार्च 2022 मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि 2050 पर्यंत निव्वळ कर्बउत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प सोडला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस कोसळलेला ज्या शहराने पाहिला, त्याने असा विचार करावा हे योग्यच होय. आमचा आक्षेप संकल्पाला नाही, त्याच्या सीमेला आहे. आराखडा महापालिकेच्या हद्दीपाशी थांबतो. शहर मात्र तेथे थांबत नाही.

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगावचेच उदाहरण घ्या. सोयाबीन, कापूस, तुरीचा हा मुलूख. शेती बहुतांशी पावसाच्या भरवशावर. पेरणीनंतर पावसाने दडी मारली की दुबार पेरणी, आणि पीक काढणीला आले की अवकाळीचा तडाखा. अशी दोन वर्षे लागोपाठ गेली की अशा गावांतील तरुण मुंबई-पुण्याची वाट धरतो. आता याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. 701 किलोमीटरच्या या मार्गाचा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी, म्हणजे नेमका जागतिक पर्यावरण दिनी, खुला झाला. डोणगावकरांना मुंबई जवळ आली; परंतु मुंबईच्या आराखड्याला डोणगाव जवळ आले काय?

शहरात आलेल्या या माणसाच्या वाट्याला पत्र्याचे छप्पर येते, नाल्याचा काठ येतो, टेकडीचा उतार येतो. 2 जुलै 2019 च्या अतिवृष्टीत मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत कोसळली, ती गरिबांच्या झोपड्यांवर. गावी हवामानाने नागवले, शहरातही तेच हवामान त्याला गाठते. गावच्या दप्तरी तो ‘स्थलांतरित’, शहराच्या दप्तरी ‘अतिक्रमणधारक’. माणूस म्हणून त्याची नोंद कोठेच नाही.

शहर सुरक्षित करण्याचे कामही याच माणसाच्या मुळावर येते. तानसा जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी तिच्या लगतच्या झोपड्या हटविण्यात आल्या आणि हजारो कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, माहुलला धाडण्यात आले. तेथील हवा रहिवाशांच्या आरोग्यास घातक असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2015 मध्येच नमूद केले होते. अखेर लोकांना दीर्घ लढा द्यावा लागला, आणि 2019 मध्ये उच्च न्यायालयाने पर्यायी घर अथवा दरमहा 15,000 रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. शहराचे पाणी सुरक्षित झाले. पण त्याची किंमत कोणी मोजली?

कोणी म्हणेल, महापालिकेने आपल्या हद्दीपुरते पाहावे. गावांसाठी शासन आहेच. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत. तेथून पाणी आणताना मुंबईला हद्द आडवी आली नाही. मात्र त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. घेताना जी हद्द नसते, ती देतानाच कशी उभी राहते?

लूककृत शुभवर्तमानातील श्रीमंताने लाजरसाला मारले नव्हते, हाकलले नव्हते. लाजरस दाराशी पडून होता आणि त्याने तो पाहिला नाही, एवढाच त्याचा अपराध. आपली शहरे तोच अपराध आराखडे आखून करीत आहेत. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पर्यावरणाची चिंता आणि गरिबांना न्याय यांची फारकत होऊ शकत नाही, असे बजावले आहे. त्या परिपत्रकावर आपण व्याख्याने ठेवली, धर्मग्रामांत झाडे लावली. झाडे लावणे चांगलेच. परंतु त्याने लाजरस दारातून आत येत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. राहत्या परिसरात पर्यायी घर दिल्याविना कोणतीही झोपडी नाला, उद्यान वा जलवाहिनीच्या नावाने हलवू नये. उन्हाच्या कडाक्यात बांधकाम मजुराला दुपारची सक्तीची आणि पगारी विश्रांती मिळावी. ज्या तालुक्यांचे पाणी शहर पिते, त्यांच्या नळयोजनांचा भार शहराने उचलावा. आणि ज्या गावांतून शहराचा मजूर येतो, त्यांच्या जलसंधारणासाठी महानगरांच्या हवामान निधीतून वाटा राखून ठेवावा. ही दानधर्माची याचना नव्हे, थकलेल्या देण्याची वसुली आहे.

वसईच्या ख्रिस्ती समाजाने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईसाठी लढा दिला, तो आपल्या अंगणाकरिता होता आणि तो न्याय्यच होता. आता परक्याच्या अंगणासाठी उभे राहण्याची वेळ आहे. डोणगावात आपले धर्मबंधू किती, हा हिशेब येथे गैरलागू आहे. लाजरस कोणत्या धर्मग्रामाचा, हे येशूने विचारले नव्हते.