जटायूच्या वंशाचे ऋण

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद नावाचे क्षेत्र आहे. सीतामाईला सोडविण्यासाठी रावणाशी झुंजलेल्या जटायूने येथेच प्रभू रामचंद्रांसमोर प्राण सोडले, अशी परंपरागत श्रद्धा आहे. ज्याचे अंत्यसंस्कार श्रीरामांनी स्वहस्ते केले, तो एक गृध्र होता. रामकथेत जटायूला असे मानाचे स्थान. व्यवहारात मात्र ‘गिधाड’ हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. ओंगळ, अशुभ, मढ्यावर जगणारा पक्षी! त्यामुळेच 1990 नंतरच्या दशकात हा पक्षी आकाशातून नाहीसा होऊ लागला, तेव्हा मोजके पक्षिअभ्यासक वगळता कोणी फारसे हळहळले नाही. या उदासीनतेची किंमत किती होती, याचा हिशेब आता मांडला गेला आहे आणि तो माणसांच्या प्राणांत आहे.

शिकागो विद्यापीठाचे इयल फ्रँक आणि वॉरिक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा शोधनिबंध 2024 मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पूर्वी जेथे गिधाडांचा मोठा वावर होता असे भारतातील जिल्हे आणि जेथे तो मुळातच कमी होता असे जिल्हे, यांच्या मृत्युदरांची त्यांनी तुलना केली. गिधाडे नष्ट झाल्यानंतर पहिल्या गटातील जिल्ह्यांत माणसांचा मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढल्याचे त्यांना आढळले. 2000 ते 2005 या काळात मिळून सुमारे 5 लाख जादा मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. हा संख्याशास्त्रीय अंदाज आहे, प्रत्यक्ष नोंदवहीतील मोजणी नव्हे, हे खरे. परंतु त्याची कारणमीमांसा सामान्य माणसालाही पटण्याजोगी आहे.

निसर्गाचा सफाई कामगार

गिधाडांचा थवा एखाद्या मृत गाईचे वा म्हशीचे कलेवर तासाभरात हाडांपर्यंत साफ करतो. त्यांच्या जठरातील तीव्र आम्लात बहुतेक रोगजंतूंचा नाश होतो. कोट्यवधी गुरे असलेल्या या देशात ही सेवा शतकानुशतके विनामूल्य मिळत होती. गिधाडे गेली आणि गावाबाहेर टाकलेली जनावरे तशीच सडू लागली. त्यांवर भटकी कुत्री आणि उंदीर पोसले गेले. पण कुत्री कलेवर पूर्ण साफ करीत नाहीत, उलट रेबीज पसरवतात. सडक्या मांसातील घाण पावसाबरोबर ओढ्या-नाल्यांत उतरते. गिधाडे गेलेल्या जिल्ह्यांत कुत्र्यांची संख्या, रेबीजच्या लसीची विक्री आणि पाण्यातील जंतूंचे प्रमाण वाढल्याचे याच अभ्यासात दिसून आले. मुंबईत पारशी बांधवांच्या डुंगरवाडीत तर गिधाडांअभावी शतकांची अंत्यविधीची परंपराच संकटात सापडली.

करुणेतून आलेला घात

गिधाडांना कोणी शिकार करून मारले नाही. त्यांना मारले एका वेदनाशामक औषधाने. डायक्लोफेनॅक हे माणसांसाठीचे नेहमीचे औषध 1990 नंतरच्या दशकात स्वस्त झाले आणि गुरांनाही सर्रास टोचले जाऊ लागले. लंगडणारा बैल, सुजलेल्या कासेची गाय यांचा त्रास कमी व्हावा, हाच त्यामागील हेतू. परंतु औषध दिल्यावर लवकरच दगावलेल्या जनावराचे मांस गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होई आणि पक्षी काही दिवसांत मरे. शंभरातील एकाहूनही कमी कलेवरांत औषधाचा अंश असला, तरी संपूर्ण जातीचा ऱ्हास होण्यास तेवढे पुरेसे होते. 1992 ते 2007 या काळात भारतातील पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या 99.9 टक्क्यांनी घटली.

सुरुवातीला एखाद्या साथीच्या रोगाचा संशय होता. 2004 मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून खरे कारण पुढे आले. 2006 मध्ये भारत सरकारने गुरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. या निर्णयाचे स्वागत करतानाच पुढील इतिहासही डोळ्यांआड करून चालणार नाही. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांपर्यंत पोहोचतच राहिल्या. शेवटी 2015 मध्ये माणसांसाठीच्या कुपीचा आकार 3 मिलिलिटरपर्यंत मर्यादित करावा लागला. अ‍ॅसिक्लोफेनॅक गुरांच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफेनॅकच होते. तरीही त्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी येण्यास 2023 साल उजाडले, तर निमेसुलाइडवर 2024 च्या अखेरीस. वस्तुतः मेलोक्सिकॅम हा गिधाडांना अपाय न करणारा पर्याय 2006 पासूनच माहीत होता. तेव्हा पशुवेदना की पक्षिरक्षण, असा पेच मुळात नव्हताच. उणीव होती ती दक्षतेची.

येथे सारा दोष औषध कंपन्यांवर वा शासनावर ढकलून मोकळे होणे सोपे आहे. पण बंदीनंतर दुकानातून बाटली देणारे, ती घेणारे आणि टोचणारे हात याच समाजाचे होते. गाईला माता मानणाऱ्या आणि जटायूला वंदन करणाऱ्या समाजाच्या गोठ्यातूनच जटायूच्या वंशाचा अंत ओढवला, हे कटू सत्य स्वीकारावे लागेल. करुणा होती, ज्ञानाची जोड नव्हती. जनावराला दिलेले औषध त्याच्या मृत्यूनंतर कोठे जाते, हा साधा प्रश्न बाजारात आणण्यापूर्वी विचारला गेला असता, तर पुढचा अनर्थ टळला असता. प्रत्येक नव्या पशुऔषधाला मान्यता देताना त्याची गिधाडांवरील परिणामांची चाचणी अनिवार्य करणे, हा या साऱ्या प्रकरणाचा पहिला धडा आहे.

ऋणफेडीची वाट

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि हरियाणा वन विभाग यांच्या सहकार्याने पिंजोर येथे चालणाऱ्या जटायू संवर्धन प्रजनन केंद्रात गिधाडांची पैदास होते. तेथील काही पक्षी 2024 मध्ये महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंच येथे आणण्यात आले. मात्र गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात येण्यास चार-पाच वर्षे लागतात. पंधरा वर्षांत जे गमावले, ते परत मिळविण्यास पिढ्या लागतील. तोवर आकाशात सोडलेला प्रत्येक पक्षी खाली सुरक्षित अन्न मिळेल या भरवशावरच जगणार आहे.

हा भरवसा निर्माण करण्याचे काम केवळ शासनाचे नाही. गोशाळा, पांजरपोळ, दूध संघ आणि गावोगावचे पशुपालक यांनी निर्धार केला, तर ते कठीणही नाही. पशुवैद्यकाकडे मेलोक्सिकॅमचा आग्रह धरावा, बंदी असलेले औषध गोठ्यात येऊ देऊ नये आणि औषधोपचार चालू असताना दगावलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावे. टाकेदला माथा टेकविणाऱ्याने घरी परतल्यावर गोठ्यातील औषधाची बाटली एकदा तपासून पाहावी. जटायूच्या ऋणातून उतराई होण्याचा प्रारंभ तेथूनच होऊ शकतो.