पठारावरची चाकोरी

गणपतीच्या सुटीत सांगलीहून पुतण्या आला, तो एस.टी.च्या टपावर गिअरची सायकल टाकूनच. ‘‘काका, कासच्या पठारावरून सायकल सोडली तर काय मजा येईल!’’ तिथे फुलांत चाक घालायला मनाई आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. ‘‘तुम्हा मोठ्यांना सगळं बंदच करायचं असतं.’’

मी गप्प बसलो. कारण तरुणपणी भर पावसात मित्राच्या मोटारसायकलवरून मीही त्या पठारावर हुंदडलो होतो. पुढच्या वर्षी गेलो, तेव्हा आमची चाकोरी तशीच होती. तिच्यातून पाणी वाहत होते आणि तळाचा जांभा उघडा पडला होता.

कास सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. खाली कातळ आणि वर मातीचा पातळ थर. एवढ्याशा मातीवर सुमारे ८५० जातींच्या सपुष्प वनस्पती जगतात. दवबिंदू आणि सीतेची आसवे तर या निकस मातीत किडे खाऊन गुजराण करतात. चाकाने चर पडला की त्यातून पाणी धावते आणि पाण्याबरोबर माती व बी दोन्ही जातात. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा मानले, त्यांत कास आहे आणि सांगलीकरांचे चांदोलीही.

परदेशात काय होते? कॅनडातील व्हिसलरसारखी बर्फावरच्या खेळांची ठिकाणे उन्हाळ्यात पाळण्यांतून सायकली वर नेतात. तिथे वाटा आखलेल्या असतात, डागडुजीला माणसे असतात. तरीही माती ओली असताना वाटा बंद ठेवण्याचा शहाणपणा अनेक ठिकाणी पाळतात. आपल्या पठारावर फुले येतात तीच मुळी ओल्या मातीत!

मात्र केवळ ‘बंद’ची पाटी लावून भागत नाही. कासला कुंपण घातले गेले आणि पुढे ते काढलेही. गुरांची चराई थांबल्याने गवत माजते, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. हंगामात दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आली. राखणीला कास, एकीव, आटाळी, कासाणीची माणसे उभी राहतात. बंदी टिकते ती अशी. कारण सांगून आणि गावाला बरोबर घेऊन. आणि पोरांच्या हौसेलाही जागा हवीच. यवतेश्वरचा घाटरस्ता आहे ना!

दुसऱ्या दिवशी त्याच घाटातून पुतण्या सायकल रेटत वर आला. ती वाहनतळावर लावून आम्ही पायी निघालो. गेंदाच्या पांढऱ्या बोंडांपाशी तो गुडघे टेकून बसला आणि बराच वेळ उठेना. परतताना मात्र त्याने विचारलेच, ‘‘काका, तुमची ती चाकोरी कुठे होती?’’

मला नेमकी जागा दाखवता आली नाही. मातीने ती भरून काढली असेल, असे म्हणायचा धीरही झाला नाही.