पदरी पडले, पवित्र झाले?

खोडाळ्याच्या बाजारातून आणलेली विजेरी दुसऱ्याच रात्री विझली. पावतीच्या तळाशी छापले होते : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ आम्ही पावतीची घडी घालून ठेवली आणि विजेरीत नवे सेल घालून पाहिले. मग आणखी नवे. सेलांचा खर्च विजेरीच्या किमतीला जाऊन भिडला, तरी दुकानाची पायरी काही चढलो नाही.

या भित्रेपणाला मराठीत एक सोवळे नाव आहे : पदरी पडले, पवित्र झाले. ज्या म्हणीने कित्येक सुनांना जन्मभर गप्प बसवले, तीच आता गिऱ्हाइकाला गप्प बसवते.

१९८५ साली आर्क्स आणि ब्लूमर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. नाटकांची हंगामी तिकिटे काहींना अचानक सवलतीत दिली. पूर्ण पैसे मोजलेले लोक पुढचे काही महिने अधिक नाटकांना गेले. नाटके तीच होती! आम्हां वाचनवेड्यांना हे कळायला प्रयोग कशाला हवा? चारशे रुपये मोजले म्हणून रटाळ कादंबरीची शेवटची दोनशे पाने रेटणारे आम्हीच. तिथे परतावा मागू नये. रुचले नाही म्हणजे सदोष नव्हे. पुस्तक मिटावे, इतकेच.

सदोष मालाची गोष्ट वेगळी. तो परत घेण्यास, आणि पावतीवर मुदत नसल्यास तीस दिवसांत पैसे परत करण्यास नकार देणे, ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. छापील वाक्याने कायदा रद्द होत नाही.

विजेरीचे सोडा. भाताचे बियाणेच नीट उगवले नाही तर? मोखाड्याच्या उतारांवर बहुतेकांचे पीक पावसाळ्याचेच. पिशवीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून त्याच विरळ रोपांवर खत, मजुरी, उसनवारी ओतली जाते, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीची वाट धरावी लागते. बियाण्याच्या बाबतीत शेतकरीही ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात स्पष्ट केले. मात्र पिशवी चुलीत आणि पावती पावसात गेली, तर सिद्ध काय करणार?

‘खेटे कोण घालणार?’ हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. विजेरीची किंमत एका खेपेच्या बसभाड्यातच जाते. परंतु पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि दुकानदाराला समोरासमोर विचारायला तर एक पैसाही पडत नाही. आमची पावती शाबूत आहे. येत्या बाजाराला ती घेऊन आम्ही जाणार आहोत.