घरातला फोन आणि मनातली भीती

परीक्षेच्या आदल्या रात्री छातीत धडधडते, तळहातांना घाम सुटतो, पाठ केलेले सगळे पुसले जाते. आमच्या हट्ट्यात ह्याला 'जीव घाबरा होणे' म्हणतात. त्यावरचे उपाय ठरलेले: दवाखान्यात नेऊन सलाईन लावायची, घरी आणून दृष्ट काढायची आणि एवढ्यानेही भागले नाही तर 'जास्त विचार करू नको' म्हणायचे. हा शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपयोगी. विचार थांबवता आले असते तर पोर घाबरली असती कशाला?

विचार थांबवण्याऐवजी ते तपासायला शिकवणारी एक उपचारपद्धती आहे. तिला बोधनिक वर्तनोपचार किंवा सीबीटी म्हणतात. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आणि पुढे आरन बेक यांनी तिचा पाया घातला. आपल्याकडे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून त्यांचे विचार मराठी वाचकांपर्यंत आणले. घाबरल्यावर मन नेमके कोणते वाक्य बोलते ते कागदावर उतरवायचे आणि त्याला पुरावा विचारायचा, ही त्यातली मुख्य गोष्ट. 'मला पहिला वर्ग मिळालाच पाहिजे' ह्या वाक्यातल्या 'च'वर बोट ठेवायचे. शिवाय ज्याची भीती वाटते त्याच्याकडे एकेक पायरीने जायचे. वर्गात उभे राहून बोलायची भीती असेल तर आधी एका मैत्रिणीसमोर, मग चौघींसमोर.

हे आता संगणकावरही होते. ऑस्ट्रेलियात 'ब्रेव्ह' नावाचा कार्यक्रम आहे. तेथे १२ ते १८ वर्षांच्या ११५ मुलामुलींवर केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. समोरासमोर उपचार घेतलेल्यांना आणि संगणकावरून घेतलेल्यांना जवळजवळ सारखाच फायदा झाला. मात्र संगणकावरच्या मुलांनाही पलीकडून एक उपचारक पत्रे लिहीत होता, फोन करीत होता. यंत्राचे कौतुक करताना हा माणूस आपण विसरतो.

मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तर आम्हाला एस.टी.ने परभणी किंवा नांदेड गाठावे लागते, आणि बरोबर कोण येणार हा प्रश्न वेगळाच. तेव्हा हा उपचार फोनवर मिळाला तर आम्हालाच तो सर्वांत आधी हवा. पण फोन कोणाचा? आमच्या घरी फोन एक. दिवसा तो वडिलांबरोबर हळदीच्या रानात असतो, रात्री भावाच्या हातात. मनातली भीती त्यात लिहून ठेवायची म्हणजे ती घरभर वाचून दाखवण्यासारखेच आहे. जी मुलगी आधीच घाबरलेली आहे तिला आपण आणखी एक भीती देणार.

दुसरीही एक अडचण आहे, आणि ती मला अधिक मोठी वाटते. आमच्या भीतीतला निम्मा भाग खराच असतो. 'नापास झाले तर लग्न लावून देतील' ह्या वाक्याला पुरावा मागा, तो शेजारच्याच घरात मिळतो! अशा वेळी 'तुझा विचार चुकीचा आहे' असे सांगणारा उपचार आम्हाला खोटा वाटेल. म्हणून मला गोव्यातला प्रयोग महत्त्वाचा वाटतो. तेथील 'संगाथ' ह्या संस्थेने 'पॉड ॲडव्हेंचर्स' नावाचा फोनवरचा खेळ तयार केला आणि गोवा व दिल्ली येथील शाळांत वापरून पाहिला. तो सीबीटीच्या जवळचा, पण भर अडचण सोडवण्यावर: अडचण नेमकी कोणती, मार्ग किती, त्यांतला एक आज करून पाहायचा. लग्नाच्या भीतीत आत्याला किंवा बाईंना मध्ये घालणे हा असा एक मार्ग होऊ शकतो. शिवाय तो खेळ शाळेतच, समुपदेशकाच्या मदतीने खेळायचा होता.

आपल्या महाविद्यालयाचा संगणक कक्ष दुपारनंतर बंद असतो. आठवड्यातून दोन दिवस तो एक तास उघडा ठेवावा, कोण कशासाठी आले ह्याची वहीत नोंद होऊ नये आणि मानसशास्त्राच्या प्राध्यापकांपैकी एकाने शेजारच्या खोलीत बसावे. १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. तो लावण्यासाठी त्या खोलीत एक फोन असावा, आणि दाराला आतून कडी.