राखणदाराचा पगार

“एका कुत्र्यामागं एवढा पैका? मरू दे की. दुसरं फुकटात मिळतंय!” हे वाक्य मी पारावर ऐकलंय, दूध डेअरीवर ऐकलंय, सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा ऐकलंय. त्याचं उत्तर एकदाच देऊन टाकतो.

आमची वस्ती जुन्नर तालुक्यात, उसाच्या कडेला. उसात बिबट्या असणं इथं कुणाला नवलाचं नाही. घरात चार कुत्री : वाघ्या, मोती, काळू आणि चंपी. रात्री ती जागी राहतात म्हणून गाई, शेळ्या आणि आम्ही झोपतो. रखवालीला माणूस ठेवला तर महिन्याला पगार मोजावा लागेल, आजारपणात उचल द्यावी लागेल. मग कुत्र्याचा पगार काय? निव्वळ शिळी भाकरी?

आता चौघांची दुखणी ऐका. मोतीला फिट येते. रोज सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला गोळी, ती बहुधा जन्मभर. मनानं एकदम बंद केली तर फिट जास्तच जोरानं येते. वाघ्याला गोचीडताप झाला, नाकातून रक्त आलं. रक्त तपासून चार आठवड्यांच्या गोळ्या मिळाल्या. असं कुत्रं चार दिवसांत शेपूट हलवायला लागतं आणि लोक गोळ्या थांबवतात. दुखणं अंगात दबून राहतं, पुढं रक्तच तयार होईनासं होतं. काळूचे मागचे सांधे धरलेत. चंपीची कातडी दर पावसाळ्यात चिघळते. आणि गोचीड मारायचा तर चौघांचा एकाच दिवशी, शिवाय गोठ्याच्या भिंतींच्या फटीतलाही. नाहीतर एकाचा दुसऱ्याला चढतोच.

गोळी फार महाग नसते हो. महाग पडतं ते जाणं. फिट येणारं कुत्रं एसटीत कसं न्यायचं? पिकअप सांगावी लागते. औषधापेक्षा भाडं जास्त. जवळच्या सरकारी दवाखान्यातला डॉक्टर भला माणूस आहे, पण त्याच्या कपाटात गाई-म्हशींचं औषध. कुत्र्याचं म्हटलं की चिठ्ठी हातात येते, “बाहेरून आणा.” दूध देतं ते जनावर, राखण करतं ते कोण?

औषध परवडत नाही म्हणून गावात काय चालतं? खरजेवर जळकं ऑइल, गोचिडावर पिकावरच्या फवारणीचं औषध, सांध्यांना आपल्याच डब्यातली दुखण्याची गोळी. कुत्रं अंग चाटतं, विष पोटात जातं. माणसाच्या त्या गोळ्यांनी त्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. याला उपचार म्हणायचं?

चंपाषष्ठीला आपण कुत्र्याला घास काढतो. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, त्यांच्यापुढं उदबत्ती लावतो. नामदेवमहाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं धावले, हे कीर्तनात ऐकून डोळे पुसतो. घरी आलं की दारातल्या आजारी कुत्र्याला, “हाड!”

शहरवाल्यांनीही गालात हसू नये. हौसेनं आणलेलं जातिवंत कुत्रं दुखणाईत झालं की गाडीतून आमच्या वाटेवर उतरवून जाणारे तुमच्यातलेच. चंपी तशीच आली, गळ्यात भारीतला पट्टा घेऊन. पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं सोडून देणं 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पट्टा परवडला, मलम परवडलं नाही?

माझं मागणं दोनच गोष्टींचं. सरकारी दवाखान्याच्या कपाटात एक कप्पा कुत्र्याच्या औषधांचा असावा आणि वस्तीवर येणाऱ्या डॉक्टरनं गाईसोबत कुत्र्यालाही हात लावावा. दुसरं आपल्याला : झेपतील तेवढीच पाळा, नसबंदी करून घ्या आणि बी-बियाण्याचा हिशेब धरता तसा त्यांच्या औषधाचाही वर्षाच्या सुरुवातीलाच धरा. आम्ही दुधाच्या दर पगारातून थोडे पैसे वेगळ्या डब्यात टाकतो. घरात कुणी त्याला दानधर्म म्हणत नाही. राखणदाराचा पगार म्हणतात.