दिल्लीने टाकले, आपण उचलले

नव्या छोट्या मोटारीच्या पैशांत जर्मन बनावटीची आलिशान गाडी, हे वाक्य हल्ली लग्नाच्या मांडवात आणि गॅरेजच्या बाकावर इतक्या वेळा ऐकू येते, की तो अर्थशास्त्राचा एखादा सिद्धांतच असावा असे वाटू लागते. आठ-नऊ वर्षे वापरलेली, चामड्याच्या आसनांची, डिझेलवर चालणारी सेडान मूळ किमतीच्या लहानशा हिश्श्यात पदरात पडते. सबब ती घेणारा गृहस्थ काटकसरी होय, असा हा युक्तिवाद. तो मला मुळीच मान्य नाही. जुनी वस्तू वापरण्यास माझा विरोध नाही. वस्तू जपून वापरणाऱ्याविषयी मला आदरच आहे. विरोध आहे तो या व्यवहारात दडवल्या जाणाऱ्या दोन हिशेबांना.

पहिला हिशेब घरातला. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते; तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. आजच्या डिझेल इंजिनात इंधन साधारण १६०० ते २००० बार एवढ्या प्रचंड दाबाने केसासारख्या बारीक छिद्रांतून फवारले जाते. असा एक इंजेक्टर बिघडला, की त्याचे बिल पन्नास लाखांच्या गाडीचे येते. आठ लाखांच्या गाडीचे नव्हे. हवेवर तोललेले सस्पेन्शन, स्वयंचलित गिअरपेटी, टर्बो यांचीही तीच कथा. नाक्यावरचा मेस्त्री कितीही हुशार असला तरी संगणक जोडल्यावाचून त्याला दोष सापडत नाही. त्यात आपले पावसाळ्यातले खड्डे आणि जमिनीलगत बसकण मारलेली ही गाडी! हप्ता कर्जाचा, आणि दुरुस्तीसाठी दुसरे कर्ज, अशी अवस्था झालेली कुटुंबे आपल्या समाजात नाहीत असे कोणी छातीठोकपणे सांगावे.

यावर उत्तर ठरलेले असते: जर्मन डिझेल मरत नाही. या कीर्तीमागे इतिहास आहे, हे मी नाकारत नाही. मर्सिडीज-बेंझने १९३६ साली २६० डी ही डिझेल मोटार बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली, तेव्हापासून ही ख्याती वाढत गेली. ग्रीसमधील एका टॅक्सीचालकाने आपली १९७६ची २४० डी सुमारे ४६ लाख किलोमीटर चालवून २००४ साली कंपनीच्या संग्रहालयाला दिली. परंतु ती गाडी सावकाश, साधी आणि जवळजवळ संपूर्ण यांत्रिक होती. तिच्या पुण्याईवर आजची संगणकनियंत्रित गाडी विकणे म्हणजे आजोबांच्या तब्येतीचा दाखला नातवाच्या नोकरीसाठी जोडणे होय.

दुसरा हिशेब घराबाहेरचा, आणि मला तो अधिक बोचतो. या गाड्या इतक्या स्वस्त का, हे विचारले जात नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना दिल्ली परिसराच्या रस्त्यांवर मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती उचलून धरली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अशा वाहनांवर सक्तीची कारवाई थांबवली आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. या अनिश्चिततेत मालक मुदत भरण्याआधीच गाडी विकायला काढतो, ना-हरकत दाखला मिळवतो आणि गाडी आपल्याकडे येते. राजधानीतील मुलांच्या फुप्फुसांसाठी जो धूर घातक मानला गेला, तो वसईच्या किंवा नाशिकच्या मुलांना मानवतो काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच डिझेलचा धूर मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातला आहे. त्या गटात भूगोलाचा अपवाद नाही.

गाडीत धुराची काजळी अडवणारी गाळणी असते, असे सांगतात. काही जुन्या गाड्यांत ती आहे. २०२० नंतरच्या बहुतेक सर्व डिझेल गाड्यांत आहे. पण साचलेली काजळी जळून जाण्यासाठी गाळणी साधारण ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावी लागते आणि त्यासाठी गाडी महामार्गावर काही काळ सलग वेगाने धावावी लागते. आठवड्यातून दोनदा स्टेशन, रविवारी चर्च, क्वचित बाजार, एवढ्या फेऱ्यांत ती तापतच नाही, ती तुंबते. नवी गाळणी महाग, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती आतून पोकळ करून संगणकाला खोटे शिकवले जाते. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत धुराची दाटी मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजतच नाहीत. त्यामुळे गाळणी काढलेली पण नीट जुळवलेली गाडीही शुद्धतेचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकते. २०१५ मध्ये फोक्सवॅगनने जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत जी लबाडी केल्याचे उघड झाले, तिचा आपण निषेध केला. तीच लबाडी गल्लीत केली की तिला 'जुगाड' म्हणतो.

चालू स्थितीतील गाडी भंगारात घालणे हीसुद्धा नासाडीच, हा आक्षेप रास्त आहे. मग ती चालती ठेवण्याचा पूर्ण खर्च करा. सौदा ठरण्यापूर्वी गाडी लिफ्टवर चढवून गाळणी जागेवर आहे का, तिच्यावर कापून पुन्हा जोडल्याचे डाग आहेत का, हे पाहा. सर्व्हिसच्या नोंदी मूळच्या मागा. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी इथे ठेवायची तर इथली नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. तिचा कर किमतीत धरा. वर्षाच्या दुरुस्तीची रक्कम आधीच बाजूला काढून ठेवा. आणि विक्रेता गाडी लिफ्टवर चढवू देण्यास खळखळ करू लागला, तर बयाणा न देता परत या.